उसाला तुरा नको असतो, रानटी ब्लूबेरीचं मात्र सगळं परागावरच चालतं

हल्ली राजारामपुरीत, शाहूपुरीत मोठ्या दुकानांच्या फ्रिजमध्ये प्लास्टिकच्या छोट्या डबीत ब्लूबेरी दिसते, आणि किंमत बघितली की हात आपोआप केळ्यांकडं वळतो. ती डबीतली ब्लूबेरी म्हणजे लागवडीची, साधारण माणसाच्या उंचीच्या झुडपावरची, तिला हायबुश म्हणतात. तिची एक बुटकी रानटी बहीण आहे, लोबुश, शास्त्रीय नाव व्हॅक्सिनियम अँगस्टिफोलियम, घोट्याच्या वर आणि गुडघ्याच्या खाली एवढीच तिची उंची, आणि ती ताजी आपल्यापर्यंत येत नाही कारण जवळजवळ सगळा माल तिकडंच फ्रोझन होतो. तिकडं म्हणजे अमेरिकेतलं मेन राज्य आणि कॅनडातले क्यूबेक, न्यू ब्रन्सविक, नोव्हा स्कोशिया हे पूर्वेकडचे प्रांत. मला हिच्यात रस आहे तो चवीसाठी नाही, तर तिच्या परागासाठी, आणि हा विषय कोल्हापूरच्या माणसाला समजावायला एकदम सोपा आहे कारण आपल्या चारी बाजूला ऊस आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवायला पाहिजे, ती म्हणजे या ब्लूबेरीची शेतं कुणी लावलेली नाहीत. हिमनद्या मागं सरकल्यावर तिथं वाळूसारखी, भुसभुशीत, आंबट जमीन राहिली, सामू, म्हणजे पीएच, चार ते पाचच्या आसपास, आणि तिथल्या जंगलात झाडांखाली ही झुडपं आपली आपण होती. वाबानाकी हे तिथले मूळ लोक, ते मुद्दाम आग लावून जागा मोकळी ठेवायचे कारण जळाल्यावर जमिनीखालच्या खोडातनं नवे फुटवे जोमानं येतात, आणि नंतरच्या शेतकऱ्यांनी तेच पुढं चालवलं. आजही एक वर्ष झुडपं जमिनीलगत कापायची किंवा जाळायची, त्या वर्षी फक्त पाला येतो, दुसऱ्या वर्षी मे-जूनमध्ये फुलं आणि ऑगस्टमध्ये फळं. फणीसारखं दात असलेलं अवजार घेऊन वाकून ओरबाडत फळं काढतात, किंवा मशीननं. म्हणजे शेती म्हणावी तर बी-बेणं काहीच विकत आणलेलं नाही, आणि रान म्हणावं तर खत, औषध, मधमाश्यांच्या पेट्या सगळं चालू.

आता ऊस. आपण उसाची कांडी लावतो, कांडीला डोळा फुटतो, बेट होतं, खोडवा ठेवतो, आणि एका शिवारात शेकडो एकर ८६०३२ हा एकच वाण उभा असतो. हे सगळे ऊस जनुकांच्या हिशोबानं एकच झाड आहे, नुसते त्याचे तुकडे, शास्त्रातला शब्द क्लोन. लोबुश ब्लूबेरीही असंच करते पण माणसाच्या मदतीशिवाय, जमिनीखालून आडवं खोड सरकवत जाते आणि एका बीपासून सुरू झालेलं झुडूप कित्येक वर्षांत काही मीटर रुंद पसरतं, जुनं असेल तर त्याहून बरंच मोठं. फरक असा की शेजारचा ठिगळ दुसऱ्याच बीपासून आलेला असतो. त्यामुळं एका शेतात एक वाण नसतो, शेकडो वेगवेगळे क्लोन एकमेकांना खेटून असतात, आणि हे डोळ्यांनी दिसतं, एका ठिगळात पानं निळसर, शेजारी गर्द हिरवी, एकाची फुलं पांढरी तर दुसऱ्याची गुलाबीसर, कुणाची फळं काळी आणि चकचकीत, कुणाची राख फासल्यासारखी निळी. शरद ऋतूत पानं लाल व्हायला लागली की प्रत्येक क्लोन वेगळ्या लाल रंगाचा होतो आणि अख्खं शेत गोधडीसारखं दिसतं.

कागलकडं ऊस असलेल्या आमच्या मामांना हे सांगितलं तर ते लगेच म्हणाले, मग तिथल्या लोकांनी त्यातला सगळ्यात चांगला ठिगळ धरून त्याच्याच कांड्या सगळीकडं का लावल्या नाहीत? प्रश्न बरोबर आहे आणि सगळा विषय या प्रश्नात आहे. उसात आपण खोड विकतो. फूल, पराग, बी यातलं काहीच आपल्याला नको असतं, उलट नोव्हेंबरच्या सुमाराला तुरा आला की मामांचं तोंड उतरतं, कारण तुरा आलेला ऊस रानात रेंगाळला की दशी पडते, म्हणजे आतनं पोकळ होतो, वजन जातं. तर एकच क्लोन शंभर एकर लावला तरी पराग वांझ आहे का जोमदार आहे याच्याशी आपला काही संबंध नाही. ब्लूबेरीत आपण फळ विकतो. फळ म्हणजे बी, बी म्हणजे फलन, फलन म्हणजे पराग, आणि तोही दुसऱ्या क्लोनचा पाहिजे. एकच क्लोन सगळीकडं लावला तर प्रत्येक फुलावर येणारा पराग हा त्याच झाडाचा, आणि इथं गाडी अडकते.

(उसातही पराग पूर्ण बिनकामाचा नाही हं, फक्त तो विषय शेतकऱ्याच्या रानात नाही तर कोइमतूरला आहे. १९१२ साली तिथं ऊस पैदास केंद्र सुरू झालं, कारण तिथं ऊस नीट फुलतो आणि बी धरतो. संकर करताना ते आधी परागच तपासतात, ज्याचा पराग चांगला तो नर म्हणून वापरायचा, ज्याचा पराग जवळजवळ वांझ तो मादी, म्हणजे मादीचे पुंकेसर काढत बसायला नको. आपल्या वाणांच्या नावात जो 'को' असतो तो या कोइमतूरचाच.)

ब्लूबेरीचं फूल समजून घ्यायचं असेल तर परसातलं वांग्याचं फूल तोडा. मधे पिवळा शंकू असतो तो म्हणजे परागकोश, आणि नीट बघितलं तर प्रत्येकाच्या टोकाला बारीक भोक दिसतं. बहुतेक फुलांचे परागकोश उभे चिरतात आणि पराग उघड्यावर येतो, वांग्याचं तसं नाही, पराग आत बंद असतो आणि मीठदाणीतनं मीठ पडावं तसा भोकातनं बाहेर पडतो. फूल कागदावर धरून नुसतं टिचकी मारली तर थोडा पडतो, पण भुंगा फुलाला मिठी मारून पंख न हलवता छातीचे स्नायू जोरात थरथरवतो तेव्हा धुरळा उडाल्यासारखा बाहेर येतो. तो घुंईईई आवाज सकाळी वांग्याच्या सरीत उभं राहिलात तर ऐकू येईल, उडतानाच्या आवाजापेक्षा बारीक आणि चढा असतो. ब्लूबेरीचंही परागकोशाला भोकं असलेलंच फूल, फक्त ते छोट्या उलट्या घागरीसारखं खाली तोंड करून लटकतं, आणि कुक्षी, म्हणजे पराग धरणारं मादीचं टोक, त्या तोंडाशी थोडी बाहेर आलेली. त्यामुळं आतला पराग सुटला तरी तो बहुतेक कुक्षीच्या बाजूनं खाली पडून जातो, स्वतःच्या कुक्षीवर बसत नाही. तिकडचे गुबगुबीत भुंगे, म्हणजे बंबलबी, हे थरथरवायचं काम झकास करतात. मधमाशीला ते जमत नाही, ती मधासाठी येते आणि जाता जाता थोडा पराग अंगाला लागतो तेवढाच. तरी बहराच्या वेळी ट्रकनं हजारो पेट्या तिकडं नेतात, कारण रानटी भुंग्यांची संख्या एवढ्या मोठ्या सलग शेताला पुरत नाही, आणि एक माशी कामाला कमी असली तरी पेटीत माश्या हजारो असतात.

पण माशीची एक सवय इथं नडते. ती जवळच्या फुलावरनं जवळच्या फुलावर जाते. ठिगळ मोठा असेल तर ती कितीतरी वेळ एकाच क्लोनच्या फुलांत फिरत राहते, म्हणजे फुलं शेकडो पण झाड एकच, आणि कुक्षीवर पडतोय तो सगळा घरचाच पराग. क्लोनच्या कडेच्या फुलांना शेजाऱ्याचा पराग मिळायची शक्यता जास्त, मधल्यांना कमी.

आता पराग सुपीक आहे का वांझ हे कसं बघतात ते सांगतो, कारण हे कॉलेजच्या साध्या मायक्रोस्कोपवर होतं. न उमललेली पण फुगलेली कळी घ्यायची, परागकोश काचपट्टीवर फोडायचा, ॲसिटोकार्मिन नावाच्या लाल रंगाचा एक थेंब, वर कव्हरस्लिप, थोडं थांबायचं. जिवंत, भरलेला कण लाल आणि गोल दिसतो, वांझ कण फिका, सुरकुतलेला, रिकामं टरफल असल्यासारखा. ब्लूबेरीत यात एक मजा आहे, हिच्या कुळात परागकण सहसा सुटे होत नाहीत, एका मातृपेशीचे चार कण शेवटपर्यंत चिकटलेले राहतात, याला टेट्राड म्हणतात. वरनं बघितलं की तीन दिसतात आणि चौथा त्यांच्या मागं लपलेला असतो, फोकस खालीवर केला की तो सापडतो. त्यामुळं नुसतं इतके टक्के सुपीक असं सांगून भागत नाही, चारीच्या चारी लाल आहेत का, दोनच आहेत का, एखादाच आहे का, असं मोजावं लागतं. चारी चांगले असतील तर एक टेट्राड कुक्षीवर पडल्यावर प्रत्येक कणातनं एक अशा चार नळ्या फुटून बीजांडाकडं आत जाऊ शकतात. एकच चांगला असेल तर भुंग्यानं तेवढीच मेहनत करून काम पाव झालं.

आणि रंग चढला म्हणजे कण उगवणारच असंही नाही, भरलेला आहे एवढंच कळतं. खरी परीक्षा घ्यायची तर साखर, बोरिक ॲसिड आणि कॅल्शियमचं क्षार घातलेल्या पाण्यात कण ठेवून नळी फुटते का ते बघतात. दोन्ही आकडे सहसा सारखे येत नाहीत, उगवणीचा कमीच येतो.

एका शेतातल्या वेगवेगळ्या ठिगळांचा पराग असा तपासला तर फरक डोळ्यात भरतो. काही क्लोनांचा जवळजवळ सगळा लाल, काहींचा मिसळ, आणि काही असे की परागकोश फोडला तरी कामाचं काहीच नाही, म्हणजे नर म्हणून वांझ. नोव्हा स्कोशियात ॲल्डर्स आणि हॉल या दोघांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीलाच लोबुशमधल्या या नर-वांझपणाचा अभ्यास केला होता आणि तो आनुवंशिक आहे हे दाखवलं होतं. गंमत अशी की नर-वांझ झुडूप फळाला वाईट असेलच असं नाही. त्याला शेजाऱ्याचा चांगला पराग मिळाला तर ते स्वतः भरपूर फळ देतं, फक्त शेजाऱ्याला परत काही देत नाही. वर्गणी न देता गणपतीचा महाप्रसाद खाणारे असतात की, तसे. एखादा असला तर मंडळ चालतं, पण शेतात असे क्लोन जास्त झाले तर बाकीच्यांनी काय खायचं?

आता घरचा पराग का चालत नाही, तो तर लालभडक असला तरी? काही झाडांत कुक्षीच घरचा पराग ओळखून थांबवते. ब्लूबेरीत बहुतेक वेळा तसं कडक कुलूप नसतं. पराग उगवतो, नळी खाली जाते, फलनही बऱ्याच वेळा होतं, आणि मग बाळबी आतल्या आत मरतं. पुरेशा बिया टिकल्या नाहीत तर झाड ते फळ टाकून देतं, टिकलं तरी बारीक राहतं आणि उशिरा पिकतं. हे का होतं ते कळायला गुणसूत्रांचा थोडा हिशोब बघावा लागेल, पण घाबरू नका, फासे टाकण्याएवढाच आहे.

माणसात प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असतात. लोबुश ब्लूबेरीत बारा प्रकारची गुणसूत्रं आणि प्रत्येकाच्या चार प्रती, एकूण ४८. म्हणजे एखादं जनुक बिघडलेलं असलं तरी ते झाकायला तीन चांगल्या प्रती असू शकतात, आणि बिघाड पिढ्यान् पिढ्या गुपचूप साठत जातात. समजा एका जागी दोन प्रती चांगल्या, दोन खराब. परागकणात चारातल्या दोन प्रती जातात, दोन्ही खराबच निघण्याची शक्यता सहात एक. बीजांडातही सहात एक. तर घरच्या परागापासून चारी प्रती खराब असलेलं बी होण्याची शक्यता छत्तीसात एक. दोनच प्रती असलेल्या झाडात हीच शक्यता चारात एक असते. वाटेल की छत्तीसात एक म्हणजे किरकोळ. पण असा बिघाड एकाच जागी नसतो ना. समजा वीस वेगवेगळ्या जागी असला आणि प्रत्येक बिघाड जीवघेणा धरला, तर छत्तीसातल्या पस्तिसाला वीस वेळा गुणत जा, उत्तर ०.५७च्या आसपास येतं, म्हणजे शंभरातली त्रेचाळीस बाळं गेली. पराग दुसऱ्या, नात्यात नसलेल्या क्लोनचा असेल तर त्याचे बिघाड वेगळ्या जागी असतात आणि एकमेकांचं झाकलं जातं. जवळच्या नात्यात लग्नं का टाळावी याचं डॉक्टर जे कारण सांगतात तेच हे, फक्त इथं निकाल त्याच हंगामात फळाच्या वजनात दिसतो.

म्हणून जनुकीय विविधता हा शब्द ऐकला की लोकांना वाटतं वाघ, जंगल, संवर्धन वगैरे, पण रानटी ब्लूबेरीच्या शेतात विविधता म्हणजे थेट उत्पन्न आहे. डीएनएच्या खुणा वापरून क्लोन ओळखता येतात, डोळ्यांना एक वाटलेला ठिगळ दोन निघतो किंवा लांब लांबचे दोन ठिगळ एकच निघतात. आणि अशा परपरागी, दीर्घायुषी झाडांत साधारण जे दिसतं तेच इथंही दिसतं, की बहुतेक विविधता एकेका शेताच्या आतच असते, दोन शेतांमधला फरक त्यामानानं कमी. फळं अस्वल खातं, पक्षी खातात, बिया कुठंच्या कुठं पडतात, त्याचा हा परिणाम. पण एकदा शेत दाट झालं की नवं रोप बीपासून उभं राहणं अवघड, दर दोन वर्षांनी कापणी नाहीतर आग, त्यामुळं क्लोनांची जी पंगत बसली ती दशकंच्या दशकं तशीच राहते.

आता मला सगळ्यात भारी वाटणारा भाग. त्याच शेतात अजून एक रानटी ब्लूबेरी उगवते, व्हॅक्सिनियम मिर्टिलॉइड्स, पानांवर मखमलीसारखी लव, चव जरा आंबट. हिची गुणसूत्रं २४, म्हणजे दोनच प्रती. हिचा पराग लोबुशवर पडला तर बारा इकडून, चोवीस तिकडून, छत्तीस, म्हणजे तीन प्रती. तीन प्रती म्हणजे जोड्या लागणार कशा? असं बी बहुतेक वेळा भरतच नाही, आणि चुकून झाड झालंच तर त्याचा पराग जवळपास वांझ. म्हणजे मिर्टिलॉइड्सचा पराग स्वतःच्या जातीत अगदी सुपीक, लाल, गोल, आणि लोबुशच्या कुक्षीवर मात्र वाया. पराग सुपीक आहे हे वाक्य कुणासाठी सुपीक हे विचारल्याशिवाय अर्धवटच.

पण अधूनमधून दोन प्रती असलेल्या झाडात पेशी विभागताना गडबड होते आणि गुणसूत्रं निम्मी होतच नाहीत. मायक्रोस्कोपखाली चारच्या टेट्राडऐवजी दोनच मोठे कण चिकटलेले दिसतात. ह्या कणात बाराऐवजी चोवीस गुणसूत्रं. तो लोबुशवर पडला तर चोवीस अधिक चोवीस, अठ्ठेचाळीस, आणि चांगलं, सुपीक रोप. म्हणजे स्लाइडवर जी चूक दिसते, त्याच वाटेनं एका जातीची जनुकं दुसरीत शिरतात. पराग मोजणाऱ्यानं असे जोडकण दिसले तर वांझ म्हणून बाजूला टाकायचे नाहीत, वेगळ्या रकान्यात लिहायचे.

गुणसूत्रांचा हाच मेळ डबीतल्या ब्लूबेरीच्या मुळाशीही आहे. फ्रेडरिक कोव्हिल या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञानं आधी शोधलं की ब्लूबेरीला आंबट जमीनच लागते, मग न्यू हॅम्पशायरमधलं ब्रूक्स नावाचं उंच रानटी झुडूप आणि रसेल नावाचं बुटकं रानटी झुडूप यांचा संकर १९११ साली केला. तो जमला, कारण उंचवालीचीही गुणसूत्रं ४८च. त्याच सुमाराला न्यू जर्सीत एलिझाबेथ व्हाइट या बाईंनी रानात फिरणाऱ्या लोकांना एक पट्टी दिली, तिला पाच अष्टमांश इंचाचं भोक, त्यातून जे फळ पडणार नाही त्याचं झुडूप दाखवा आणि पैसे घ्या. झुडपाला शोधणाऱ्याचं नाव द्यायची पद्धत होती, त्यातलं रुबेल आजही लावतात. १९१६ला पहिला लागवडीचा माल विकला गेला. पण ब्रूक्स, रुबेल, सूई अशा मोजक्याच रानटी झुडपांवर हायबुशच्या कितीतरी वाणांची इमारत उभी राहिली, पाया अरुंद. म्हणून आजही नवीन गुण पाहिजे असला, थंडी सोसणं असो की बुटकेपणा असो, पैदासकार परत रानातच जातात.

मग मामांच्या प्रश्नाचं काय? तर तसा प्रयत्न झालाय. नोव्हा स्कोशियात केंटव्हिलच्या संशोधन केंद्रानं लोबुशचे निवडक क्लोन वाण म्हणून दिले, ऑगस्टा, ब्लोमिडॉन, फंडी, कंबरलँड अशी नावं आहेत. शेतात जिथं मोकळी जागा असते तिथं ते लावता येतात. पण एकटा ब्लोमिडॉन एकरभर लावून चालत नाही, शेजारी दुसरा लागतो, आणि तो त्याच आठवड्यात फुलणारा लागतो, कारण एकाची फुलं गळून गेल्यावर दुसऱ्याचा पराग कितीही लाल असला तरी त्याचा उपयोग शून्य. शिवाय मे महिन्यात तिकडं थंडी-पाऊस लागला की मधमाश्या पेटीतच बसतात, भुंगे तेवढे गारठ्यातही फिरतात. पेट्या वाढवल्या की पराग इकडून तिकडं जास्त जातो हे खरं, पण वांझ पराग दहा वेळा नेऊन टाकला तरी तो वांझच राहणार, आणि घरचा पराग शंभर वेळा फिरवला तरी तो घरचाच. त्यामुळं ज्या भागात दर वेळी फळ कमी धरतं तिथं पेट्यांची ऑर्डर द्यायच्या आधी बहरात एक चक्कर मारून तीन गोष्टी बघितलेल्या बऱ्या, इथं क्लोन किती आहेत, ते एकाच वेळी फुललेत का, आणि त्यातल्या कुणाच्या परागकोशात खरंच काही आहे.